रिपब्लिकन? कोणत्या गटाचा?

नोव्हेंबर २०२४. ट्रम्प दुसऱ्यांदा निवडून आल्याची बातमी पेपरात आली त्या सकाळी आमच्या वस्तीच्या वाचनालयात आबा नेहमीसारखे बाकावर बसले होते. मथळा वाचला, चष्मा कपाळावर सरकवला आणि मला विचारलं, “ह्यो रिपब्लिकन हाय म्हणं. कोणत्या गटाचा?”

पोरं खदाखदा हसली. मीही हसलो. १९५७ साली नागपूरला रिपब्लिकन पक्ष निघाला तेव्हा आबा शाळकरी पोर होते. त्यानंतरचं सगळं आयुष्य त्यांनी त्या पक्षाचे तुकडे मोजण्यात घालवलं. रिपब्लिकन म्हटलं की ‘कोणता?’ हा प्रश्न त्यांच्या जिभेवर येणारच.

दोस्तांनो, हसून झालं असेल तर जरा थांबा. म्हाताऱ्याचा प्रश्न बरोबर आहे. आपल्या पेपरवाल्यांना तो पडत नाही, टीव्हीवरच्या टाय लावलेल्या शहाण्यांना पडत नाही. ते सांगतात, इकडं रिपब्लिकन, तिकडं डेमोक्रॅट, हा हत्ती, ते गाढव, आता मजा बघा. पण ह्या ट्रम्पचंच बघा. १९८७ त रिपब्लिकन म्हणून नोंद. १९९९ त रिफॉर्म पार्टी. २००१ त डेमोक्रॅट. २००९ त पुन्हा रिपब्लिकन. २०११ त कुठलाच पक्ष नाही. २०१२ त परत रिपब्लिकन. आपल्याकडचे आयाराम-गयाराम त्याच्यापुढं बालवाडीतले. पाटी बदलत गेली. इमारती मात्र त्याच, भाडेकरू तेच, पैसा तोच.

एकट्या ट्रम्पला शिव्या देऊन आपण सुटत नाही. पाटी बदलायचा हा धंदा तिथं दीडशे वर्षं चाललाय आणि प्रत्येक वेळी त्याची किंमत काळ्या माणसानं मोजलीय.

लिंकनचा पक्ष रिपब्लिकन. गुलामी मोडली तो पक्ष. काळ्यांनी त्याला देवासारखं धरून ठेवलं. १८७७ साली त्याच पक्षानं राष्ट्राध्यक्षाची खुर्ची पदरात पाडून घेतली आणि दक्षिणेत काळ्यांच्या राखणीला असलेलं सैन्य मागं घेतलं. मागं राहिले कालचे मालक आणि त्यांचे दोरखंड. तरी काळा माणूस रिपब्लिकनांनाच मत देत राहिला. देणार कुणाला? समोर डेमोक्रॅटिक पक्ष म्हणजे तर खुद्द मालकांचाच पक्ष. (जिथं मत देऊ दिलं जायचं तिथलीच ही गोष्ट. दक्षिणेत मतपेटीजवळ फिरकायचीही सोय नव्हती.)

१९१२ साली ड्युबॉइस ह्या काळ्या विद्वानानं ठरवलं, बास झालं रिपब्लिकनांचं. डेमोक्रॅट विल्सन न्यायाच्या गोष्टी करत होता, मत त्याला दिलं. मार्च १९१३ त विल्सन गादीवर बसला आणि त्याच वर्षी वॉशिंग्टनच्या सरकारी कचेऱ्यांत काळ्या कारकुनांची टेबलं वेगळी, जेवायच्या जागा वेगळ्या, संडास वेगळे. त्याच वर्षीच्या जुलैत बाबासाहेब न्यूयॉर्कला उतरले, कोलंबियात शिकायला. अजून चार वर्षांनी बडोद्याच्या कचेरीत शिपाई त्यांच्या टेबलावर लांबून कागद फेकणार होता. दोन देश, दोन कचेऱ्या, विटाळ एकच. पुढं १९४६ त बाबासाहेबांनी ह्याच ड्युबॉइसना पत्र लिहिलं. काळ्यांचा अर्ज संयुक्त राष्ट्रांपुढं जातोय असं त्यांनी वाचलं होतं आणि आपल्यालाही तसंच काही करता येईल का ह्याचा ते विचार करत होते.

आणि १९५६ त ८८ वर्षांच्या ड्युबॉइसनी ‘द नेशन’ ह्या साप्ताहिकात जाहीर केलं की ह्या खेपेला मी मत देणार नाही. आयुष्यभर कुणाकुणाला मत दिलं त्याचा हिशोबच त्यांनी मांडला. मथितार्थ असा, की पाट्या दोन, दुकान एक. हे रस्त्यावरच्या बेकार पोराचं वैतागणं नव्हतं. पन्नास वर्षं मतपेटीला चिकटून राहिलेला माणूस बोलत होता. मत न देणाऱ्याला आळशी म्हणणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

मधल्या काळात पाट्यांची अदलाबदल सुरू झालेली होती. १९३२ पर्यंत काळे बहुतांशी रिपब्लिकन. १९३६ त सुमारे सत्तर टक्के रूझवेल्टच्या डेमोक्रॅट्सकडं आले, कारण मंदीत घरात चूल पेटली ती त्याच्या कामांमुळं. पण १९३५ चा म्हातारपणाच्या पेन्शनचा कायदा काढून बघा. शेतमजूर आणि घरकामवाल्या त्यातून वगळलेल्या. दक्षिणेत काळे कोण होते? शेतमजूर आणि घरकामवाल्या. कायद्यात कुठं ‘काळा’ शब्द नाही. आपल्याकडं कोण कुठं जातीचं नाव घेऊन फाईल अडवतो?

आता कोंबड्याची गोष्ट सांगतो.

अलाबामा हे दक्षिणेतलं राज्य. तिथल्या डेमोक्रॅटिक पक्षाचं मतपत्रिकेवरचं चिन्ह पांढरा कोंबडा. आणि त्या कोंबड्याच्या डोक्यावर छापलेलं असायचं, गोऱ्यांचं वर्चस्व. आडपडदा नाही, लाजलज्जा नाही. १९४८ साली राष्ट्राध्यक्ष ट्रुमन डेमोक्रॅट, पण त्यानं नागरी हक्कांची भाषा काढली म्हणून अलाबामाच्या मतपत्रिकेवर त्याचं नावच नाही. कोंबड्याखाली नाव होतं स्ट्रॉम थर्मंडचं. हा साउथ कॅरोलायनाचा गव्हर्नर पक्षातून फुटून वेगळी पाटी लावून उभा होता आणि त्यानं चार राज्यं मारली. १९५७ त नागरी हक्काच्या विधेयकाविरुद्ध हा सिनेटमध्ये एकटा चोवीस तासांवर बोलत उभा राहिला. तेव्हा डेमोक्रॅट. १९६४ त डेमोक्रॅट जॉन्सननं नागरी हक्काचा कायदा केला आणि थर्मंड उठून रिपब्लिकन झाला. २००३ पर्यंत सिनेटमध्ये बसून होता. तो मेल्यावर काही महिन्यांनी एक वयस्क काळी बाई पुढं आली. म्हणाली, मी त्याची मुलगी, माझी आई त्यांच्या घरात मोलकरीण होती. खानदानानं ते कबूल केलं. दिवसा विटाळ, रात्री नाही. हे आपल्याला कुणी शिकवायला नको.

१९६४ त अलाबामाच्या मतपत्रिकेवर जॉन्सनचंही नाव नव्हतं. त्याच्या विरोधातला रिपब्लिकन गोल्डवॉटर सगळ्या देशात आपटला, पण दक्षिणेतली पाच राज्यं त्याला मिळाली. लिंकनचा हत्ती गुलामांच्या मालकांच्या नातवंडांनी अंगणात बांधला. १९८० त रीगननं प्रचाराच्या सुरुवातीलाच मिसिसिपीतल्या नेशोबाच्या जत्रेत ‘राज्यांच्या हक्कां’चं भाषण ठोकलं. तीन नागरी हक्क कार्यकर्त्यांना मारून पुरलं होतं १९६४ त, ते त्याच परिसरात. तिथल्या लोकांना त्या शब्दांचा अर्थ डिक्शनरीत बघावा लागला नाही.

ह्याच अलाबामात लाउंड्स काउंटी. काउंटी म्हणजे साधारण आपला तालुका समजा. चिकण काळी माती, कापूस, मळेवाले. पाचातली चार माणसं काळी. १९६५ च्या सुरुवातीला मतदारयादीत काळं नाव एकही नाही. गोरी नावं मात्र तिथल्या प्रौढ गोऱ्यांच्या डोक्यांपेक्षा जास्त. त्या वर्षी सेल्माचा मोर्चा ह्याच काउंटीतून गेला. मोर्चेकऱ्यांना गाडीनं पोचवणाऱ्या व्हायोला लिउझो ह्या गोऱ्या बाईला ह्याच रस्त्यावर गोळी घातली. ऑगस्टमध्ये जोनाथन डॅनियल्स हा पाद्रीपणाचं शिकणारा गोरा पोरगा भर दिवसा मारला आणि मारणारा निर्दोष सुटला.

तरी लोक नाव नोंदवायला गेले. मळेवाल्यांनी खोपटातून हाकललं. हाकललेली कुटुंबं महामार्गाच्या कडेला तंबूत राहिली, थंडीत, लेकराबाळांसकट. एका मतासाठी घर गेलं! आणि नाव नोंदवून झाल्यावर प्रश्न उभा राहिला, आता मत कुणाला? कोंबड्याला?

स्टोकली कारमायकेल आणि त्याचे सोबती विद्यार्थी तिथं काम करत होते. स्थानिक जॉन ह्यूलेट आणि बाकीच्या लोकांनी मिळून ठरवलं, आपला पक्ष काढायचा. नाव लाउंड्स काउंटी फ्रीडम ऑर्गनायझेशन. निरक्षर खूप, म्हणून मतपत्रिकेवर चित्र हवं. अटलांटातल्या एका काळ्यांच्या कॉलेजच्या संघाचं चिन्ह होतं पँथर, तो उचलला.

कळलं का, पोरांनो? आपल्या अंकांच्या मुखपृष्ठावर, भिंतींवर, पोस्टरांवर जो पँथर झेपावतोय, तो पहिल्यांदा झेपावला मतपत्रिकेवर. मी वर्षानुवर्षं भाषणात ठोकत आलो की पँथर ओकलंडच्या रस्त्यावर बंदूक घेऊन जन्माला आला. चूक. ह्यूई न्यूटन आणि बॉबी सील ह्यांनी ऑक्टोबर १९६६ त ओकलंडला पक्ष काढला तेव्हा चिन्ह लाउंड्सचं घेतलं. तिथून ते १९७२ त मुंबईत आलं. कोंबड्याला खाणारं जनावर म्हणून अलाबामातल्या शेतमजुरांनी पाळलेला हा पँथर.

आणि ते लढले कशासाठी? राष्ट्राध्यक्षपदासाठी नाही. जागा सात. शेरीफ, म्हणजे काउंटीचा पोलीस आणि तुरुंग ज्याच्या हातात तो. कर ठरवणारा. कर वसूल करणारा. संशयास्पद मृत्यूची चौकशी करणारा कोरोनर. आणि शाळा मंडळाच्या तीन जागा. शेरीफ काय करतो, करवाला काय करतो, हे चित्रांच्या पुस्तिका काढून लोकांना समजावलं. काठी कुणाच्या हातात आहे, खतावणी कुणाच्या हातात आहे, मेलेल्या माणसाला ‘अपघात’ कोण ठरवतो, आणि आपलं पोर कुठल्या वर्गात बसतं, एवढंच त्यांनी विचारलं. बाकी व्हाइट हाउसात कोण झोपतो त्याच्याशी सध्या कर्तव्य नाही.

८ नोव्हेंबर १९६६. सातही पडले. मळेवाल्यांनी आपल्या काळ्या कुळांना ट्रकमध्ये घालून आणलं आणि कोंबड्यावर मत टाकायला लावलं. (ट्रक, कुळं, मालकाचा डोळा. पुढचं तुम्ही सांगा.) त्या वर्षीच्या जानेवारीत कोंबड्याच्या डोक्यावरचे ‘गोऱ्यांचं वर्चस्व’ हे शब्द काढून तिथं ‘डेमोक्रॅट्स’ छापायचं ठरलं होतं. काळे मतदार यादीत यायला लागले ना! कोंबडा तोच, आरवणं तेच. फक्त टोपी बदलली.

१९७० त ह्यूलेट शेरीफ झाला. चार वर्षांमागं तंबूत राहिलेल्या माणसांनी आपला शेरीफ निवडला. पण ती संघटना पुढं हळूहळू डेमोक्रॅटिक पक्षातच विरघळली. ‘वेगळेपण कायमचं’ अशी आरोळी ठोकणारा गव्हर्नर वॉलेस १९८२ त माफी मागत परत आला आणि काळ्यांच्या मतांच्या जोरावर निवडून आला. ओकलंडच्या पँथरचा एल्ड्रिज क्लीव्हर १९६८ त एका डाव्या पक्षाकडून राष्ट्राध्यक्षपदाला उभा होता. १९८६ त तोच रिपब्लिकनांकडं सिनेटचं तिकीट मागत होता. आपल्याकडची अशी नावं मी इथं घेत नाही. तुमच्या बोटांवर मोजा, बोटं पुरली तर बघा.

आज लाउंड्समध्ये काय आहे? ती काळी माती पाणी पीत नाही, म्हणून साधा शोषखड्डा चालत नाही आणि महागडी टाकी बसवायला गरिबाकडं पैसा नाही. कित्येक घरांचं मैलापाणी पाइपातून मागच्या अंगणात. २०१७ त प्रसिद्ध झालेल्या एका तपासणीत ५५ जणांपैकी १९ जणांच्या पोटात हुककृमीच्या खुणा सापडल्या. चंद्रावर माणूस पाठवणाऱ्या देशात! अंगणात गू साठला म्हणून उलट गरिबावरच खटले भरायची धमकी होती. बायडनच्या काळात, मे २०२३ त, केंद्राच्या न्याय खात्यानं राज्याच्या आरोग्य खात्याकडून सुधारणेचा करार करून घेतला. एप्रिल २०२५ त ट्रम्प सरकारनं तो मोडला. कारण काय दिलं? वंशाच्या नावावर खास वागणूक देणं बेकायदा आहे म्हणे. गू साफ करणं ही खास वागणूक!

म्हणजे पाटीनं काहीच फरक पडत नाही असं मी म्हणणार नाही. त्या एका करारापुरता पडला. पण १९६५ पासून दोन्ही पाट्यांचे किती राष्ट्राध्यक्ष आले नि गेले, अंगण तसंच. आणि लाउंड्सच्या माणसानं राष्ट्राध्यक्षासाठी दिलेल्या मताचं काय होतं ते बघा. तिथं राज्यात जिंकेल त्याला राज्याची सगळी निर्वाचक मतं मिळतात. काळे लाउंड्सकर डेमोक्रॅट्सना भरभरून मत देतात आणि १९७६ नंतर अलाबामाचं एकही निर्वाचक मत डेमोक्रॅट्सना गेलेलं नाही. पन्नास वर्षं मत टाकायचं आणि ते नाल्यात. मतदान मंगळवारी, देशभर सुट्टी नाही. शिक्षा झाल्यामुळं मताचा हक्क गेलेले सुमारे ४० लाख. २०२४ त मत देण्याच्या वयाचे, हक्काचे जवळजवळ नऊ कोटी लोक घरी बसले. ट्रम्पला मिळाली ७ कोटी ७३ लाख, कमला हॅरिसला साडेसात कोटी. सगळ्यात मोठा पक्ष घरी बसलेल्यांचा. त्याला ना कोंबडा, ना हत्ती.

त्या नऊ कोटींतला एक माझा दोस्त आहे. आमच्या वस्तीतलाच, माझ्याच बाकावर शिकलेला, कॅलिफोर्नियात कॉम्प्युटरचं काम करतो, आता तिथला नागरिक. तिथं जात नाही असं पहिल्या वर्षी सांगायचा. मग कुणी आडनाव खोदून विचारलं, कुणी घरी मटण खाता का विचारलं, एका सहकाऱ्यानं शाबासकी देता देता पाठीवर हात फिरवून जानवं चाचपलं. २०२३ त कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळात जातिभेदबंदीचं विधेयक आलं तेव्हा हा पोरगा, कधी मोर्चात न आलेला, सुट्टी टाकून राजधानीला गेला. दोन्ही सभागृहांत विधेयक पास झालं. ७ ऑक्टोबर २०२३ ला गव्हर्नर न्यूसमनं नकाराधिकार वापरला. आधीचे कायदे पुरेसे आहेत म्हणे. न्यूसम डेमोक्रॅट. पुरोगामी पाटी, चकचकीत.

वर्षभरानं मतपत्रिका पोस्टानं घरी आली. त्यानं ती उघडलीच नाही, ड्रॉवरमध्ये टाकली. फोनवर मला म्हणाला, “दोघंही साले तेच. आता तू मला लोकशाहीवर लेक्चर देऊ नको.”

मी दिलं नाही. कुठल्या तोंडानं देऊ? जानेवारी १९७४ च्या दक्षिण-मध्य मुंबईच्या पोटनिवडणुकीत आपल्या थोरल्यांनी बहिष्काराची हाक दिली होती. वरळीत दगड खाल्ले, भागवत जाधवचा जीव गेला, पण काँग्रेसचा उमेदवार पाडला. मत न देणंही हत्यार असतं, हे ज्यांनी करून दाखवलं त्यांचा मी वारसदार. पण तो बहिष्कार जाहीर होता, हजारोंचा होता, कुणाला पाडायचं ते ठरवून होता. ड्रॉवरमधला कागद कुणालाच पाडत नाही, न्यूसमला तर तो दिसतही नाही. लाउंड्सच्या मळेवाल्याला अगदी हेच हवं होतं, की काळ्या माणसानं स्वतःहून घरी बसावं. म्हणजे तंबूही जाळायला नकोत.

मग मी त्याला एवढंच म्हटलं, तो कागद अजून असेल तर उघड आणि खालपर्यंत वाच. मतदान होऊन गेलेलं होतं, उपयोग शून्य, तरी त्यानं उघडला. राष्ट्राध्यक्षाची ओळ सोडून खाली भलीमोठी यादी. राज्याचे दहा प्रस्ताव. त्यातला प्रस्ताव ६ असा, की तुरुंगात शिक्षा म्हणून सक्तीनं राबवून घेणं बंद करावं काय? आपल्या भाषेत, वेठ बंद करावी काय? १८६५ च्या गुलामीबंदीच्या दुरुस्तीत शिक्षा झालेल्यांचा अपवाद ठेवलाय, ती फट बुजवायचा प्रश्न. ज्या राज्यात हॅरिस आरामात जिंकली, त्या राज्यात सुमारे ५३ टक्के मतदारांनी नाही म्हणून सांगितलं. वेठ चालू राहू दे. आणि त्याच्या आज्यानं गावात वेठच केलेली. म्हारकीची.

बराच वेळ फोनवर काही बोलला नाही.

परवा पुन्हा फोन आला. त्याच्या भागातल्या शाळा मंडळाची निवडणूक कधी आहे ते शोधतोय. तिथल्या दोन-तीन आपल्या घरांशी आणि शेजारच्या काळ्या वस्तीतल्या एका बाईंशी बोलणं झालंय. मी विचारलं, कुठल्या पक्षातर्फे?

म्हणाला, “इथं शाळा मंडळाच्या मतपत्रिकेवर पक्षाचं नावच नसतं रे.”

हे आबांना सांगायचं राहिलंय.